दीड तासात 'मॅकबेथ' : महोत्सव की नुसती उरकाउरकी?

विंगेतला :
आमच्या विद्यापीठात दर शरद ऋतूत शेक्सपिअर महोत्सव होतो. यंदा नवा फतवा निघालाय : नाटक कुठलंही असो, दीड तासात संपवायचं, मध्यंतर नाही. परवा 'मॅकबेथ' पाहिलं. द्वारपालाचा प्रवेशच उडवलाय! विद्यार्थी असताना ती भूमिका मी केली होती, म्हणून जरा जास्तच झोंबलं, कबूल. पण बघा ना. मॅकबेथने राजा डंकनचा खून केलाय, दारावर थापा पडतायत आणि दार उघडायला येतो तो स्वतःला नरकाचा द्वारपाल समजणारा झिंगलेला गडी. लोक हसतात आणि हसता हसता दचकतात, कारण आत राजा मरून पडलाय. शिवाय तेवढ्या वेळात मॅकबेथला हात धुऊन, कपडे बदलून परत यायचं असतं. परवा तो ब्लॅकआऊटमध्ये नुसता उभा होता. दिवे आले तेव्हा हात लाल ते लालच. मुळात हे शेक्सपिअरच्या सर्वांत छोट्या नाटकांपैकी एक. त्यालाही कात्री?

तिसरी रांग :
कात्री म्हटलं की तुम्हा मंडळींना सोवळं आठवतं. 'मूळ' संहिता म्हणजे नक्की कुठली? 'हॅम्लेट'ची 1603 ची प्रत सुमारे 2,200 ओळींची, पुढची 1604-05 ची जवळपास 3,800. 1623 च्या फोलिओत, म्हणजे त्याच्या नाटकांच्या पहिल्या एकत्रित छापील ग्रंथात, चौथ्या अंकातलं मोठं स्वगत नाहीच. 'रोमिओ अँड ज्युलिएट'ची नांदी तर दोन तासांचाच वायदा करते. आणि तुमचं 'मॅकबेथ' पहिल्यांदा छापलं गेलं ते शेक्सपिअर जाऊन सात वर्षं झाल्यावर. त्यात त्याच काळातला नाटककार मिडलटन याचा हात फिरलाय असं बरेच अभ्यासक मानतात.

विंगेतला :
दाखल्याला बरी प्रत शोधलीत! 1603 ची ती प्रत कुणीतरी आठवून आठवून लिहिलेली असावी, असं म्हणणारे कमी नाहीत. आणि काटछाटीला माझा विरोध नाहीच. नट मंडळी कापतात ती प्रयोग रंगावा म्हणून. इथे घड्याळाने कापलंय.

प्रॉम्प्टर :
दादा, मी यंदा विंगेत संहिता घेऊन बसते. सत्र सुरू झाल्यापासून प्रयोगापर्यंत जेमतेम सहा आठवडे मिळतात, त्यात परीक्षा. गेल्या वर्षी 'हॅम्लेट' साडेतीन तास चाललं. मध्यंतरानंतर अर्ध्या खुर्च्या रिकाम्या. ऑफीलियाचं दफन आम्ही आमच्याच पालकांसमोर केलं. तेव्हा कुठे होतात तुम्ही सगळे?

लेडी मॅकडफची मैत्रीण :
वेळ वाचवा, पण कात्री कुणावर पडते तेही बघा. यंदा लेडी मॅकडफचा, म्हणजे फाइफचा सरदार मॅकडफ याच्या बायकोचा, प्रवेशही गेला. मॅकबेथ तिला मारवतो तो. मग झोपेत चालणारी लेडी मॅकबेथ 'फाइफच्या सरदाराला बायको होती, ती आता कुठे आहे?' असं विचारते, तेव्हा माझ्या शेजारच्याने कुजबुजून विचारलं, "कुठली बायको?" वर्षातून एकदा होणाऱ्या महोत्सवात नव्या मुलांच्या वाट्याला येतात त्या अशाच छोट्या भूमिका. त्याच काढल्या तर ती येतील कशाला?

तिसरी रांग :
बायकोचा मुद्दा मान्य. तो प्रवेश हवाच होता. द्वारपालाचं मात्र नाही. कवी-समीक्षक कोलरिजलासुद्धा तो प्रवेश शेक्सपिअरचा वाटत नव्हता. आणि नाटककार टेटने 1681 मध्ये 'किंग लिअर' या शोकांतिकेचा शेवट गोड केला, मूळ नाटकात मरणाऱ्या लिअरच्या मुलीचं, कॉर्डेलियाचं, लग्न लावून दिलं! दीडशेक वर्षं लोकांनी तेच पाहिलं. तरी लिअर टिकलाच ना? एका दारुड्याने काय होतंय.

विंगेतला :
टिकला, कारण कुणीतरी तो शेवट परत आणला. आपोआप नाही आला. कोलरिजला म्हणावं, रक्ताचे हात घेऊन अंधारात उभं राहून दाखव.

प्रॉम्प्टर :
भांडण पुरे. शनिवारी शेवटचा प्रयोग. लेडी मॅकडफ बसवायला आता वेळ नाही, पण द्वारपालाला पाच मिनिटं द्यायला दिग्दर्शक तयार आहे, नट नाही म्हणून अडलंय. दादा, भाषण पाठ आहे का अजून?

विंगेतला :
पहिल्या चार ओळी येतात. पुढचं विंगेतून द्याल?