प्लांटमधे रिअल-टाइम शेड्यूलिंग आणावं का? आमच्याकडं वाद पेटलाय

प्लॅनिंगवाला:
भोसरीत आमचं मशीन शॉप, 14 मशीन, बहुतेक व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी उभ्या स्पिंडलची मिलिंग मशीन). प्लॅनिंग मी बघतो. गुरुवारच्या सुट्टीत घरी बसून एक्सेलमधे आठवड्याचा प्लॅन करायचा, शुक्रवारी प्रिंट लावायची आणि अकरा वाजेपर्यंत तिला काही अर्थ उरत नाही. कास्टिंग आलेलं नसतं, एका मशीनला स्पिंडल अलार्म, एक ऑपरेटर गावाला जत्रेला, त्यात चाकणवरून फोन की संध्याकाळी 200 पीस पाहिजेतच. मग मी मोबाईल घेऊन मशीन-मशीन फिरतो. म्हणजे शेड्यूल दर तासाला बदलतंच आहे, फक्त ते माझ्या डोक्यात बदलतंय आणि मी आजारी पडलो की कोणालाच काही माहीत नसतं. मशीनवरून थेट डेटा घेऊन सॉफ्टवेअरनं सतत क्रम लावला, म्हणजेच रिअल-टाइम शेड्यूलिंग, तर काय बिघडलं? एका मशीनपुढं 10 जॉब असले तर ते 36,28,800 प्रकारे लावता येतात, मी त्यातले तीन-चार बघतो आणि जो जास्त ओरडतो त्याचा जॉब वर घेतो. मालक तयार आहेत, शॉपवरची मंडळी नाहीत.

सेटर दुसरी पाळी:
माझा विरोध, आणि कारण ऐका. मशीनवर जॉब बदलायचा म्हणजे फिक्स्चर (जॉब पकडायची चौकट) चढवायचं, डायल फिरवून 0.02 मिमीमधे आणायचं, ऑफसेट (जॉब आणि टूल कुठं आहे ते मशीनला सांगणारी मापं) घ्यायचे, पहिला पीस तपासायला क्यूसीला द्यायचा, तिथं रांग. दोन-अडीच तास जातात. आमच्याकडं गेल्या वर्षी अशीच क्रम सांगणारी स्क्रीन बसवून बघितली, पहिल्या पीसवर ओकेचा शिक्का पडला, मशीन सायकलला टाकणार तेवढ्यात स्क्रीन लाल, जॉब बदला. तीन दिवसांत तेच फिक्स्चर त्याच मशीनवर तीनदा चढलं-उतरलं. महिनाअखेरीला पीस कमी पडले ते माझ्या नावावर, स्क्रीनच्या नाही. आणि ते 36 लाख प्रकार म्हणताय ना, त्यातले चार जॉब एकाच फिक्स्चरवरचे असतात, ते सलग घ्यायचे हे मला रॅककडं बघूनच कळतं. प्लॅन करताना आम्हाला कोणी विचारलंय का कधी?

सातपूरकर ताई:
मी इंडस्ट्रियल इंजिनियरिंगमधे आहे. सेटर दादांचं बरोबर आहे. सेटिंगला अडीच तास लागत असताना दर दहा मिनिटांनी प्लॅन बदलणं म्हणजे मशीन बंद ठेवणंच. आधी सेटिंग कमी करा. टोयोटात 1969 साली 1000 टनी प्रेसची डाय (साचा) बदलायला चार तास लागायचे, जपानी इंजिनियर शिगेओ शिंगो यांनी ते आधी दीड तासावर आणि मग 3 मिनिटांवर आणलं, कारण मशीन चालू असतानाच जी तयारी होते ती सगळी बाहेर काढली. तुमच्याकडं टूल आधीच प्रीसेट करून ट्रॉलीवर येतात का? सेटरला ॲलन की शोधत फिरावं लागतं का? सॉफ्टवेअरच्या आधी हे बघा.

प्लॅनिंगवाला:
ताई मान्य, पण सेटिंग कमी होईपर्यंत थांबायचं तर दोन वर्षं जातील आणि ऑर्डर हातातून जाईल. आमच्याकडं एका पार्टचे 1200 पीस ठिकठिकाणी पडलेत, रोज बाहेर जातात 200, म्हणजे आज आत आलेला पीस सहा दिवसांनी निघणार. त्याचं मशीनिंग आहे जेमतेम 40 मिनिटांचं! बाकीचा वेळ तो क्रेटमधे पडून असतो, आणि कुठल्या क्रेटमधे ते शोधायला माझा एक माणूस रोज अर्धा दिवस फिरतो.

मेंटेनन्सवाला:
डेटाचं पण बोला जरा. डेटा घेणारा बॉक्स बहुतेक वेळा टॉवर लॅम्पच्या (मशीनवरच्या रंगीत दिव्याच्या) वायरीला जोडतात, हिरवा पेटला की मशीन चालू. मी स्वतः बघितलंय, जॉब नव्हता तर पोरानं मशीन हवेत फिरवत ठेवलं, का तर बंद दिसलं की साहेब खाली येऊन बोलतात. पोराची चूक नाही, त्याला घाबरवून ठेवलंय. असल्या डेटावर लावलेला क्रम काय कामाचा.

शिरोलीचा फाउंड्रीवाला:
आमच्याकडं भट्टीत धातूची ग्रेड बनली की ती ओतावीच लागते, तिथं दर मिनिटाला प्लॅन बदलून उपयोग नाही. पण मोल्डिंग आणि फेटलिंगमधे (कास्टिंगची साफसफाई) किती माल तुंबलाय हे समोर दिसायला लागल्यापासून आमची रात्रीची धावपळ कमी झाली, हे खरं सांगतो. सगळीकडं लावू नका, जिथं तुंबतंय तिथं लावा.

प्लॅनिंगवाला:
आमच्याकडं तुंबतंय दोन मशीनवर, दोन्ही फोर्थ ॲक्सिसच्या (जॉब गोल फिरवायची सोय असलेल्या). समजा तिथंच सुरू केलं आणि चालू पाळीतला जॉब आठ तास हलवायचाच नाही, पुढचा क्रम तेवढा बदलेल, आणि क्रम लावताना फिक्स्चरचे गट सेटरनं सांगायचे. चालेल?

सेटर दुसरी पाळी:
आठ तासाचं लेखी द्या. आणि मधेच तोडायचं झालं तर कोणाच्या सहीनं, ते पण.

प्लॅनिंगवाला:
सही माझी. तोडलं तर त्या दिवशीचं टार्गेट तेवढं कमी धरायचं, मालकांशी बोलतो.

सेटर दुसरी पाळी:
आधी बोला, मग मशीनला बॉक्स लावा. मी तोवर गट लिहून ठेवतो, फोर्थ ॲक्सिसवर आत्ता सात फिक्स्चर आहेत, त्यातल्या दोनचे लोकेटिंग पिन (जॉब जागेवर बसवणाऱ्या) झिजलेत, ते पण बदलून द्या.