बाहेरची बाई घरात येते तेव्हा : विसरत चाललेल्या जोडीदाराचा सांभाळ (अनुभव धागा)

यजमानांना अल्झायमर असल्याचं कळून चार वर्षं झाली. दिवाळीनंतर ब्यूरोतून (घरी सांभाळायला बायका पुरवणाऱ्या संस्थेतून) मावशी लावल्या, सकाळी 8 ते रात्री 8. माझी कंबर वाचली, पण पहिला महिना घरात नुसता तणतणाट. "ही बाई कोण? आधी बाहेर काढ तिला!" स्वतःचं घड्याळ तांदळाच्या डब्यात लपवायचे आणि मावशींनी चोरलं म्हणायचे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

वाट मावशींनीच काढली. हे बँकेत अधिकारी होते, एवढं त्यांना बोलता बोलता कळलं होतं. एक दिवस वही घेऊन समोर उभ्या राहिल्या. "साहेब, माझी हजेरी लावता?" ह्यांनी चष्मा मागितला, तारीख विचारली, रकान्यावरून बोट फिरवलं आणि सही केली. त्या दिवशी आंघोळ बिनबोभाट झाली. आता रोज आधी सही, मग चहा. सही हल्ली आडनावापर्यंत पोचत नाही, पण पेन हातात आलं की हे ताठ बसतात.

तरी बायकोने करायचं ते पैसे देऊन करवून घेते, ही टोचणी जात नाही. नात्यातल्या बायका बोलूनही दाखवतात. तुमच्याकडे कसं चाललंय? मोकळेपणाने लिहा.

नागपूरहून

ताई, टोचणी सोडा. मी 74 वर्षांचा, सांभाळ बायकोचा. एकट्याने करायच्या हट्टापायी मीच न्हाणीघरात पडलो, तेव्हा बाई ठेवली. हिला परकीसमोर कपडे काढायची लाज वाटायची. ती लाज आजारातही शाबूत आहे, याचं मला वाईट नाही, कौतुकच वाटतं. आता अंगावर गाऊन ठेवूनच आंघोळ होते, पहिला तांब्या पायांवर, आणि सकाळऐवजी दुपारी. वेणी मात्र मीच घालतो, तेवढं माझं काम.

दिवेलागणीला ही "घरी जाऊ या" म्हणते, म्हणजे माहेरी. आई-वडील जाऊन 30 वर्षं झाली. पूर्वी मी ते सांगायचो आणि ही दर वेळी नव्याने रडायची. आता चपला घालून गल्लीला फेरी मारतो. परत आलो की म्हणते, "आलो बाई एकदाचे."

लेस्टर, इंग्लंडहून

आमच्याकडे कौन्सिलतर्फे (म्हणजे इथल्या नगरपालिकेतर्फे) दिवसातून चार वेळा अर्ध्या अर्ध्या तासासाठी केअरर येतात. सौभाग्यवतीचं इंग्रजी हळूहळू गेलं, मराठी राहिली. "दुखतंय" म्हणाली तरी बिचाऱ्यांना कळेना. म्हणून "पाणी", "दुखतंय", "नको", "शी लागली" हे त्यांना वाचता येईल अशा अक्षरांत लिहून फ्रिजवर लावलं. एक मुलगी आता दारातूनच "काकू, चहा?" विचारते आणि ही हसते. इथे राहणाऱ्यांनी सांभाळणाऱ्यासाठीचं वेगळं असेसमेंट, म्हणजे आपल्याला कोणती मदत लागते याची कौन्सिलकडून पाहणी, जरूर मागावं. 2014 च्या केअर ॲक्टने इंग्लंडमध्ये तो हक्क आहे. मला दोन वर्षं कुणी सांगितलं नव्हतं.

ठाण्याहून

आमच्या ब्यूरोने तीन महिन्यांत पाच बायका बदलल्या. खाडा झाला की बदली बाई नवी, हे घाबरणार, मी ऑफिसातून पळत घरी. आता लेखी ठरवलंय : बदली येणारी बाई आधी एक दिवस जुनीबरोबर बसेल. आधारची प्रत आणि पोलीस पडताळणीही मागते. राग येऊ दे.

पुन्हा मी

वाचून पोटातलं ओझं हललं. दुपारची आंघोळ उद्याच करून बघते. बदली बाईसाठी कागदही लिहिला : "साहेब म्हणा. आधी वही पुढे करा." कुणी अगदीच एकटं असेल तर ज्येष्ठांसाठीची सरकारी हेल्पलाइन 14567 आहे, सकाळी 8 ते रात्री 8.

आता रात्रीचं विचारते. हे दोन वाजता उठून दाराची कडी काढतात. रात्रीची बाई ठेवावी, तर अंधारात अनोळखी चेहरा बघून बिथरतील अशी भीती वाटते. ज्यांनी ठेवली असेल त्यांनी पहिली रात्र कशी काढली, तेवढं सांगा.