मदत हवी आहे : टोसिलिझुमॅब चालू असताना संसर्ग कसा ओळखावा?
आईला रुमॅटॉइड संधिवात असून, मेथोट्रेक्सेट हे संधिवाताचे औषध पुरेसे न पडल्याने 5 महिन्यांपासून दर 4 आठवड्यांनी सलाईनमधून टोसिलिझुमॅब दिले जाते. हे औषध इंटरल्युकिन-6 या सायटोकाइनचा (पेशींमध्ये संदेश नेणाऱ्या प्रथिनाचा) ग्राही, म्हणजे पेशीवरील संदेश पकडणारी जागा, अडवते. यकृत सीआरपी (दाह झाल्यावर रक्तात वाढणारे प्रथिन) बनवते ते प्रामुख्याने याच सायटोकाइनच्या इशाऱ्यावर, आणि हायपोथॅलॅमसमध्ये (मेंदूच्या तापमान सांभाळणाऱ्या भागात) प्रोस्टाग्लँडिन ई2 हे रसायन वाढवून ताप चढवण्यातही त्याचा वाटा असतो; त्यामुळे जंतुसंसर्ग झाला तरी ताप येईलच किंवा सीआरपी वाढेलच असे नाही, एवढे मला समजले आहे. (घरातला थर्मामीटर आता शोभेचाच वाटतो.) फायब्रिनोजेन (रक्त गोठवणारे प्रथिन) घटत असल्याने ईएसआरचाही (तांबड्या पेशी खाली बसण्याच्या वेगावरून दाह जोखणाऱ्या तपासणीचाही) भरवसा नाही.

क्षयरोग व हिपॅटायटिस बी यांच्या तपासण्या औषधापूर्वीच निगेटिव्ह आल्या होत्या. मधुमेह नाही, स्टेरॉइड बंद आहे. संधिवाततज्ज्ञांनी शंका आल्यास लगेच कळवायला सांगितले आहे आणि ते आम्ही करूच. औषध बदलावे का, हा माझा प्रश्न नाही. अडचण आहे ती शंका कशावरून घ्यावी, ही. असे रुग्ण तपासणाऱ्यांनी किंवा घरी सांभाळणाऱ्यांनी कृपया सांगावे : नाडी, श्वासाचा वेग आणि ऑक्सिजन यांपैकी रोज कशाची नोंद ठेवावी, आणि अशा वेळी प्रोकॅल्सिटोनिनच्या (जिवाणूसंसर्गात रक्तात वाढणाऱ्या घटकाच्या) तपासणीवर कितपत विसंबता येते?