भरतीच्या पाण्याने लढाई जिंकता येते का?

प्रश्न (फोंडा)
नमस्कार. आम्ही पाच जण रविवारी 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या फासे टाकून कल्पनेत खेळायच्या साहसी खेळाची २०१४ सालची पाचवी आवृत्ती खेळतो आणि डन्जन मास्टर, म्हणजे गोष्ट रचणारा आणि निकाल देणारा, मी असतो. या वेळी नकाशा खाजन शेतीचा, म्हणजे भरतीच्या पाण्यालगतच्या सखल भातशेतीचा, काढला होता: नदीकाठी बांध, बांधात मानस (ओहोटीला उघडणारे आणि भरतीला मिटणारे दार असलेली पाण्याची वाट) आणि आतल्या सखल जागी एका पडक्या तळघरात बारा गॉब्लिन (छोटे दुष्ट राक्षस). तीन तासांच्या लढाईची तयारी मी केली होती. एका खेळाडूने मात्र तलवारीला हातही न लावता, ओहोटीला मानशीचे दार उघडे असताना त्याच्या मिटण्याच्या वाटेत जादूचा अचल दांडा (बटण दाबले की जागच्या जागी खिळणारा) धरला, बटण दाबले आणि "आता भरती येऊ दे" म्हणून तो चहा आणायला उठला. हा दांडा ८,००० पौंडांपर्यंतचा भार पेलतो, त्यामुळे दार मिटणार नाही हे उघडच आहे. मी खेळ तिथेच थांबवला. ही युक्ती मान्य करावी का, आणि केल्यास सगळे गॉब्लिन बुडाले असे धरावे का?

उत्तर (डिचोली)
अवश्य मान्य करावी, कारण मानस आपणच नकाशावर काढली होती आणि खेळाडूने ती नीट पाहिली. आमच्याकडे एकाने पाणी निर्माण करण्याचा मंत्र शत्रूच्या फुप्फुसात वापरू पाहिला, तेव्हा मी नकार दिला. नियमात १० गॅलन पाणी उघड्या भांड्यात येते असे म्हटले आहे, आणि जिवंत प्राण्याची छाती हे उघडे भांडे नव्हे. वाद अर्धा तास चालला. त्या दिवशी आमच्या खेळातल्या तळघराचे दारही कोणी उघडले नाही. तिथे शब्दांतली फट शोधली होती, इथे जागेचा उपयोग केला आहे.

उत्तर (पेडणे)
मान्य करण्याबद्दल दुमत नाही, पण बुडण्याबद्दल आहे. आमची स्वतःची खाजन शेती असल्यामुळे सांगतो, भरती चढायला साधारण सहा तास लागतात. पाणी आधी चरांतून येईल, मग घोट्याला लागेल, मग गुडघ्याला. कॉन्स्टिट्यूशन (काटकपणाचा आकडा) १० असलेला गॉब्लिन नियमाप्रमाणे एक मिनिट श्वास रोखू शकतो, पण पाय भिजल्यावर श्वास रोखत बसेल कोण? ते गाठोडी उचलून दुसऱ्या वाटेने बाहेर पडतील. त्यामुळे लढाई टळत नाही, फक्त तिची जागा बदलते, आणि ती जागा खेळाडूंनी आधीच हेरून ठेवली असेल तर पहिला वार त्यांना द्यावा. दुसरे असे की खारे पाणी शेतातही शिरणार. कोरगूट भात थोडा खारेपणा सोसते, पण रात्रभर दार सताड उघडे राहिले तर पीक हातचे जाईल. ज्या गावाने या वीरांना बोलावले, ते गाव सकाळी बांधावर येऊन जाब विचारणार नाही का?

प्रश्नकर्ता (फोंडा)
गावाचा विचार माझ्या मनातही आला नव्हता. मग दार रातोरात मिटवावेच लागेल, आणि दांड्याचे बटण तर भर भरतीत पाण्याखाली असेल. बुडी मारून ते दाबण्यासाठी ॲथलेटिक्सची (अंगबळाच्या कसोटीची) डीसी, म्हणजे फाशावर गाठायचा आकडा, १५ ठेवतो.

उत्तर (पेडणे)
१५ कमी होईल. मानशीच्या तोंडाशी पाण्याला फार ओढ असते. २० ठेवा, आणि कमरेला दोर बांधून वर दुसऱ्याने तो धरला असेल तर ॲडव्हांटेज, म्हणजे फासा दोनदा टाकून मोठा आकडा घेण्याची मुभा, द्या.