‘मद्यासक्ती’ला बोलीतला शब्द हवाय (पत्रक अडलंय)

मांजराकाठ: लातूरकडच्या एका आरोग्य शिबिराचं पत्रक मराठीत करून देतोय आणि पहिल्याच ओळीला गाडी अडलीये. मी लिहिलं, ‘मद्यासक्ती हा आजार आहे, नैतिक अधःपतन नव्हे.’ गावच्या आशाताईंना वाचून दाखवलं तर म्हणाल्या, “आसक्ती म्हनलं की त्याला लई गोडी हाय असंच वाटायलंय की दादा. आन् अधःपतन म्हंजी गटारीत पडलेला का?” दुसरं काही सुचवा. ‘व्यसन’ नको, ते शिवीसारखं ऐकू येतं.

पंतोजी_पैठण: शिवी आपण केली. ‘उत्सवे व्यसने प्राप्ते दुर्भिक्षे शत्रुसंकटे’ पाठ केलं होतं ना? तिथे व्यसन म्हणजे संकट. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचं आठवं अधिकरण व्यसनांचंच. आग, पूर, रोगराई, दुष्काळ सगळं त्यात. आणि रोगाचंच नाव हवं तर चरकाच्या चिकित्सास्थानातला 24वा अध्याय मदात्ययाचा, म्हणजे अति मद्यपानानं होणाऱ्या रोगाचा आहे.

केसपेपर: त्याच आठव्या अधिकरणात राजाच्या जुगाराचं आणि मद्याचंही व्यसन आहे, सर. म्हणजे दोन्ही अर्थ तेव्हापासून एका घरात नांदतायत.

जोगाईची_लेक: पत्रकावर मदात्यय लिहा, भजी बांधायला कागद होईल.

उदगीरकर: आमचा आजा निजामाच्या राज्यात उर्दूतून शिकलेला. दारुड्याबद्दल म्हणायचा, ‘इल्लत लागली बिचाऱ्याला.’ आम्हाला वाटायचं इल्लत म्हणजे घाणेरडी खोड. नंतर कळलं, अरबीत इल्लत म्हणजे आजारसुद्धा. उर्दूतला अलील, म्हणजे आजारी, त्याच घरातला. ‘लत’ ह्यातूनच आली असं माझं ठाम मत आहे.

पंतोजी_पैठण: मत ठाम आहे, पुरावा कुठाय?

उदगीरकर: आजाच पुरावा.

जोगाईची_लेक: नामांवर किती भांडाल, क्रियापदं बघा. त्याला दारू लागली, हगवण लागली, वेड लागलं. माणूस सगळीकडे ‘त्याला’च. शिव्या द्यायच्या असल्या की आपण त्याला ‘तो’ करतो: तो पेतो, तो ऐकत नाही.
आणि ‘सुटणे’. आमच्या बापूंनी आषाढीला माळ घातली आणि त्याच दिवशी बाटली फोडली. दुसऱ्या सकाळी चहाचा कप दोन्ही हातांनी धरला तरी अर्धा चहा धोतरावर. दारू सुटली आणि थरथर सुटली. तिसऱ्या रात्री गोधडीवरच्या मुंग्या वेचत बसले. मुंगी एक नव्हती. गावात बोलबाला, ह्यानं चोरून घेतली म्हणून विठ्ठल कोपला. घेतली नव्हती हो. घेतली नव्हती म्हणूनच.

केसपेपर: बरोबर. रोज भरपूर पिणाऱ्याची एकदम बंद झाली तर पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात; दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भास, ताप, बरळणं, जीवही जाऊ शकतो. माळ घाला, पण आधी दवाखान्यात या. पत्रकात हे घ्याच. आम्ही केसपेपरवर डिपेंडन्स लिहितो, मराठीत अवलंबित्व. आणि ‘अल्कोहोलिझम’ तरी कुठं पुराणकाळचा आहे? माग्नुस हूस या स्वीडिश डॉक्टरनं 1849 मध्ये रूढ केला. अमेरिकन मेडिकल असोसिएशननं तो आजार मानला 1956 मध्ये.

तुळजाई: मला एक सांगा. शुगरवाला शुगरपायी बायकोची पोत मोडतो का? आजार म्हटलं की सगळं माफ! आमच्या गावात बायकांनी मतदान करून बाटली आडवी केली. चिठ्ठीवर उभी बाटली आणि आडवी बाटली, दोनच चित्रं. कुणाला शब्द अडला नाही.

केसपेपर: पोत मोडली त्याचा जाब विचाराच. आजाराचा कागद दाखवून मारहाण माफ होत नाही. पण ‘लाज नाही म्हणून पितो’ असं ठरवलं की त्याला लाजवत बसतात, आणि लाजलेला माणूस ओपीडीत येत नाही, गुत्त्यावर जातो.

तुळजाई: लाज वाटणारा मी अजून पाहायचाय.

जोगाईची_लेक: मी पाहिलाय. बापू दाराआड पाठ करून प्यायचे.

मांजराकाठ: मंडळी, शब्द? आशाताई घरोघरी फॉर्म भरताना विचारतात, “बीपी हाय का? शुगर हाय का? दारू हाय का?” मग ‘एखाद्याला दारू आहे’ असंच लिहू का? बीपीच्या रांगेत बसतं.

पंतोजी_पैठण: ही मराठी नव्हे. ‘त्याला दारू आहे’ म्हणजे पार्टीत त्याच्या वाट्याची शिल्लक आहे. ‘मद्यपाश’ घ्या. एए (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट) वाले तोच वापरतात. पाश म्हटलं की अडकलेला माणूस दिसतो आणि दोषही त्याच्या माथी जात नाही.

जोगाईची_लेक: पाश म्हटलं की मला यमच दिसतो.

उदगीरकर: ‘दारू आहे’ तुमच्या पैठणात नसेल, आमच्याकडे चालतं. बाकी डॉक्टर, तुम्ही वर ‘गुत्त्यावर’ लिहिलंत. आमच्याकडे गुत्तेदार म्हणजे रस्ते बांधणारा.

पंतोजी_पैठण: मुळात गुत्ता म्हणजे मक्ताच. तेलुगूत गुत्त, कानडीत गुत्तिगे. दारूविक्रीचा मक्ता दिला जायचा, म्हणून दुकानाला नाव पडलं.

मांजराकाठ: सहा वाजता छापायला जातंय हो. मद्यपाश की दारू आहे?

तुळजाई: आमचा गुत्तेदार रस्ताही बांधत नाही.

उदगीरकर: मग ‘मक्ता’ अरबी ना? की ‘मक्तेदार’ आधी आला?