दुसरा बार लगेच हवा की नको?

रानवाट: "एकाच काडतुसाची रायफल घ्या, नेम आपोआप सुधारतो," असं बरेच मुरलेले शिकारी सांगतात. मला हे पटत नाही. हृदयावर गोळी बसलेलं हरीणसुद्धा कधी 100 मीटर पळतं. पण गोळी हृदयावर बसली की पोटात, हे त्या क्षणी कळतं कुठे? धक्क्याने नळी उचलली जाते, दुर्बिणीतून जनावर निसटलेलं असतं. पोटात लागलेलं जनावर तासन्‌तास तडफडतं. ते झाडीत शिरण्याआधी दुसरी गोळी घालता आलीच पाहिजे. तेवढं आपण त्याचं देणं लागतो.

माग: मी नेमकं उलटं पाहिलंय. हातात सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे प्रत्येक बारानंतर पुढचं काडतूस आपोआप चढवणारी रायफल आली की पहिलाच बार घाईत निघतो. मग दुसरा पळत्या जनावराच्या मागून, म्हणजे मांडीत किंवा आतड्यात. कळप असेल तर आणखी वाईट, कारण दुसरी गोळी भलत्याच जनावराला लागते आणि दोन जखमी होतात. त्यापेक्षा बार झाला की जागेवरून हलू नका, अर्धा तास थांबा, मग रक्ताचा माग काढा. मागे कुणी लागलं नाही तर जखमी हरीण बहुधा जवळच बसतं.

दुनळी: हरणापुरतं ठीक. रानरेड्यासमोर अर्धा तास थांबणार का? तिथे दुनळी रायफल उगाच टिकलेली नाही. दोन नळ्या, दोन चाप, बहुतेकींत दोन्ही नळ्यांची बार उडवणारी कळ वेगळी. एक बिघडली तरी दुसरी चालते. आणि दुसऱ्या बारासाठी बोट मागच्या चापावर नेलं की झालं. मात्र तिसऱ्यासाठी नळ्या बिजागरीवर खाली वाकवून काडतुसं भरावी लागतात.

बोल्टवालेही, म्हणजे ज्यांना दर बारानंतर हाताने खटका (बोल्ट) ओढून पुढचं काडतूस चढवावं लागतं तेही, मागे पडत नाहीत, सवय हवी. बहुतेक जण बार काढून रायफल खाली घेतात, बघतात, मग बोल्ट ओढतात. दस्ता खांद्यावरच ठेवून, नजर जनावरावरून न काढता बोल्ट फिरवायचा. रिकाम्या रायफलीवर, डमी (दारू नसलेली) काडतुसं भरून, घरी रोज करा.

रानवाट: माग, घाईबद्दल तुमचं खरं आहे. पण घाई माणसाची, रायफलीची नाही. युरोपातल्या वन्यजीवांच्या रक्षणासाठीच्या 1979च्या बर्न करारातही सेमी-ऑटोमॅटिकवर सरसकट बंदी नाही. ज्यांच्या मॅगझिनमध्ये, म्हणजे काडतुसांच्या पेटीत, दोनहून जास्त काडतुसं मावतात अशी सेमी-ऑटोमॅटिक हत्यारं तेवढी निषिद्ध साधनांत आहेत. म्हणजे नळीतलं एक धरून तीन बार. गोळ्यांचा पाऊस नको, पण अडलेल्या वेळी हाताशी एक-दोन असाव्यात, हा हिशेब मला योग्य वाटतो.

माग: तीन बार मलाही चालतील. पण ज्याला तीन मिळणार आहेत, त्याने पहिला बार एकच काडतूस असल्यासारखा काढावा. जनावर आडवं उभं नसेल, मागे दुसरं दिसत असेल, तर चापाला बोटच लावू नये. नवख्यांना मी पहिला हंगाम मॅगझिन रिकामं ठेवायला लावतो, पुढेही लावीन.

दुनळी: आणि त्या हंगामात एखादं जनावर पोटात लागून गेलं तर?

माग: तेव्हा मी शेजारी उभा असतो, माझ्या रायफलीत तीन भरलेली असतात.