१ लाख ८६ हजार रनिंग, एस्टिमेट मोठं, पैसे थोडे. आधी काय करू?

रात्रपाळी

गाडी १३ वर्षांची पेट्रोल हॅचबॅक, पाच गिअरची मॅन्युअल. मी तिसरी मालक. ड्युटी रात्रीची, परत येताना बस नसते, त्यामुळे गाडीशिवाय माझं चालत नाही. अजून दोन वर्षं तरी हीच चालवायची आहे, कारण दुसरं एक कर्ज फिटेपर्यंत नवीन हप्ता झेपणार नाही.

पुढून खडखड येते म्हणून गॅरेजला दाखवली, तर हातात ही यादी मिळाली: टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप, पुढचे ब्रेक पॅड आणि डिस्क, ब्रेक ऑईल, डावा लोअर आर्म, डाव्या एक्सलचं रबर बूट, चारही शॉकअप, चारही टायर, क्लच सेट, टॅपेट कव्हर पॅकिंग, स्पार्क प्लग, कूलंट, इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लीनिंग, एसी सर्व्हिस. एकूण आकडा गाडीच्या आजच्या किमतीच्या जवळ जातो. माझ्याकडे आत्ता त्यातले साधारण एक तृतीयांश पैसे आहेत, पुढे दर महिन्याला थोडे थोडे काढता येतील.

मेकॅनिक म्हणतो सगळंच गरजेचं आहे. तो खोटं बोलतोय असं मला वाटत नाही, पण सगळं एकदम होणार नाही. क्रम कसा लावू?

मागचं_सीट

ताई, स्पष्ट बोलतो. एवढ्या रनिंगच्या गाडीवर एवढा खर्च करण्यापेक्षा आहे तशी विकून टाका.

दहाचा_पाना

विकण्याचा सल्ला घाईचा आहे. बेल्टची मुदत संपत आलेली, खडखडणारी गाडी घेणारा हा सगळा खर्च किमतीतून कापूनच पैसे देणार. आणि त्या पैशात येणारी दुसरी गाडीही अशीच एखादी यादी घेऊन येईल, फक्त ती यादी तुम्हाला आधी दिसणार नाही.

मी बरीच वर्षं वर्कशॉपमध्ये काढली आहेत. ग्राहकाच्या हातात अशी सरसकट यादी दिली की मला राग यायचा आणि अजूनही येतो. त्यातल्या ओळी खोट्या नसतात, पण ब्रेक आणि एसी एकाच रांगेत बसवले की ज्याच्याकडे पैसे कमी आहेत त्याने निवडायचं कसं?

प्रत्येक ओळीला दोन प्रश्न विचारा. हा भाग गेला तर सोबत काय घेऊन जाईल? आणि जाण्याआधी तो इशारा देतो का?

टायमिंग बेल्ट, म्हणजे पिस्टन आणि व्हॉल्व्ह एका तालात ठेवणारा पट्टा, इशारा देत नाही. आवाज नाही, दिवा नाही, चालता चालता तुटतो. बऱ्याच इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन वर येऊन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो. अशा हेडमधून काढलेले व्हॉल्व्ह मी हातात घेतले आहेत. दांडी मानेपाशी वाकलेली आणि पिस्टनच्या डोक्यावर अर्धचंद्रासारखी खूण. त्यानंतरचं काम बेल्टच्या कित्येक पटींनी महाग, आणि जुन्या गाडीचा प्रवास बहुतेक वेळा तिथेच संपतो. वॉटर पंप त्याच बेल्टवर फिरत असेल तर दोन्ही एकदम बदला. पंपाला मजुरी जवळजवळ वेगळी पडत नाही, कारण सगळं उघडलेलंच असतं.

क्लचचं नेमकं उलटं. तो महिनोन्‌महिने सांगत राहतो. चौथ्या गिअरमध्ये चढावर ॲक्सिलरेटर दाबा. आरपीएम चढले आणि गाडी तिथेच राहिली, तर प्लेट घसरतेय. तसं होत नसेल तर क्लच यादीतून काढा. नुसतं पेडल जड झालं म्हणून सेट बदलायची गरज नाही.

लोअर आर्म म्हणजे चाकाला गाडीशी जोडणारा खालचा दांडा, त्याच्या टोकाला बॉल जॉइंट, म्हणजे फिरणारा सांधा असतो. तो खडखड करून सांगतो, पण शेवटी जेव्हा निसटतो तेव्हा चाक आतल्या बाजूला दुमडतं आणि स्टेअरिंग तुमच्या हातात राहत नाही. तुमची खडखड तिथूनच येत असेल तर ही ओळ बेल्टच्याही वर.

फ्लश आणि इंजेक्टर क्लीनिंग खोडून टाका. गाडी नीट उचलत असेल, ॲव्हरेज पडलेलं नसेल, तर इंजेक्टरला हात लावायचं कारण नाही. जुन्या इंजिनात फ्लश टाकून जमलेला गाळ सुटला तर तो ऑईल पंपाच्या जाळीत अडकायची भीती असते. त्यापेक्षा चांगलं ऑईल आणि फिल्टर वेळेवर बदला. एसी थांबू शकतो.

बाकीच्यांचं बघूनच ठरेल. खर्चाआधी एवढं करून घ्या:

कम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, तपासा. चारही सिलिंडरचे आकडे जवळजवळ सारखे हवेत. एखादा खूपच खाली असेल, किंवा इंजिन हजार किलोमीटरला लिटरभर ऑईल पीत असेल, तर मागचं_सीट म्हणतात त्याचा विचार करावा लागेल. गाडी वर घेतल्यावर सस्पेन्शन बसतं त्या जागा गंजल्यात का तेही पाहा.

पुढचं चाक उचलून, स्टँड लावून, वर आणि खाली धरून हलवायला सांगा. मग डावी-उजवीकडे धरून. फक्त वर-खाली धरल्यावर खेळ लागला तर बहुधा बॉल जॉइंट, फक्त आडवं धरल्यावर लागला तर बहुधा टाय रॉड एंड (स्टेअरिंगकडचा सांधा), दोन्हीकडे सारखा लागला तर व्हील बेअरिंग. स्वतः शेजारी उभ्या राहा आणि सांध्याकडे बघा, खेळ डोळ्यांना दिसतो.

ब्रेक डिस्कच्या कडेला किंवा मधल्या भागावर किमान जाडी कोरलेली असते. व्हर्नियर (जाडी मोजायचं साधन) लावून मोजायला सांगा. ‘डिस्क गेली’ हे मोजल्याशिवाय मान्य करू नका. पॅडचं मटेरियल ३ मिमीवर आलं असेल तर बदला.

टायरच्या खाचांत रबराचे छोटे उंचवटे असतात, १.६ मिमीचे. नक्षी घासून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. चाक पूर्ण वळवून आतली कडही बघा, बाहेरून चांगला दिसणारा टायर आतून गुळगुळीत असू शकतो. बाजूवरच्या शेवटच्या चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष असतं. २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा.

रात्रपाळी

दादा, एवढं सविस्तर कोणीच सांगितलं नव्हतं. आज सुट्टी होती, दुसऱ्या गॅरेजमध्ये नुसत्या तपासणीचे पैसे देऊन सगळं बघून घेतलं.

कम्प्रेशन चारही सिलिंडरला जवळजवळ सारखं. ऑईल पीत नाही. गंज फक्त दाराखाली वरवरचा.

डावं चाक वर-खाली धरून हलवलं की टकटक आवाज येतो आणि सांधा हलताना दिसतो. उजवं घट्ट आहे. एक्सलच्या सांध्यावरच्या रबर बूटला चीर आहे, रिमच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसचे शिंतोडे गोल उडालेत. पूर्ण वळवून चालवलं तरी कटकट येत नाही.

पॅड ३ मिमी, डिस्क किमान जाडीच्या बऱ्याच वर. मागचे टायर चांगले, पुढचे दोन्ही आतल्या कडेला संपत आलेत. क्लच घसरत नाही. शॉकअप चारही कोरडे. टॅपेट कव्हरला (इंजिनाच्या वरच्या झाकणाला) तेलाची ओल आहे, थेंब पडत नाही.

बॉनेटखाली स्टिकर सापडला, बेल्ट ९२,००० ला बदललाय, आठ वर्षांपूर्वी. पुस्तिकेत १ लाख किमी किंवा ८ वर्षं लिहिलंय.

आर्म, बूट, पॅड, बेल्ट, टायर एवढं तरी आलंच. या महिन्यात यातलं साधारण निम्मं बसतं.

गिअरबॉक्स_गिरणी

आठ वर्षं झाली आहेत, म्हणजे बेल्ट पहिला. इंजिनच गेलं तर आर्म नवा असून काय उपयोग?

दहाचा_पाना

इथे मी सहमत नाही. बेल्ट तुटला तर इंजिन जाईल, गाडी रस्त्याच्या कडेला थांबेल. ब्रेकचा बूस्टर (पेडल हलकं ठेवणारा भाग) एक-दोन दाबांपुरता साथ देईल, स्टेअरिंग जड होईल, पण गाडी सावरता येते. रात्री वेगात बॉल जॉइंट निसटला तर सावरायला काही उरत नाही. नुकसान इंजिनाचं आणि नुकसान माणसाचं यात मी हिशेब करणार नाही. खेळ डोळ्यांना दिसतोय म्हणजे आर्म बदलेपर्यंत ही गाडी बाहेर काढू नका, कोणाबरोबर तरी जा.

या महिन्यात डावा लोअर आर्म, बूट, पुढचे पॅड आणि ब्रेक ऑईल. आर्म आणि बूट एकाच दिवशी करा. एक्सल बाहेर काढायला बहुतेक गाड्यांत बॉल जॉइंट सोडवावाच लागतो, मग दोनदा मजुरी का द्यायची? वळताना कटकट नाही, म्हणजे बूटाखालचा जॉइंट अजून चांगला असावा. साफ करून नवं ग्रीस भरून बूट चढवला की पूर्ण एक्सलचा खर्च वाचतो. हीच दुरुस्ती उशिरा केली असती तर बूट घालून काही उपयोग नव्हता.

ब्रेक ऑईल स्वस्त आहे म्हणून लोक टाळतात, मला ते पटत नाही. ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ (ब्रेक ऑईलचा एक प्रकार) नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पाणी मुरल्यावर तीच मर्यादा १५५ पर्यंत खाली येऊ शकते. लांब उतारावर ब्रेक तापले की आत वाफ होते आणि पेडल तळाला जातं. दोन वर्षांत बदललेलं नसेल तर आत्ता बदला.

मग व्हील अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं), आर्मनंतरच. टायर आतून खाल्ले गेलेत ते बहुधा याच आर्ममुळे. अलाइनमेंटशिवाय नवे टायर घातलेत तर तेही तसेच जातील. तोपर्यंत पावसात वेग कमी ठेवा.

पुढच्या पगाराला बेल्ट किट आणि पंप. कूलंट तसंही काढावं लागेल, ते तेव्हाच नवं भरा. बेल्ट काढल्यावर क्रँक आणि कॅमचे ऑईल सील बघायला सांगा. सील गळत असेल तर नवा बेल्ट तेलात भिजून लवकर खराब होतो. आर्म झाल्यापासून बेल्ट होईपर्यंत गाडी फक्त ड्युटीपुरती काढा.

त्यानंतर दोन टायर. नवी जोडी मागे आणि मागची चांगली पुढे. गाडी पुढच्या चाकांवर ओढणारी असली तरीही. ओल्या रस्त्यावर मागची पकड सुटली तर गाडी गिरकी घेते, आणि ती सावरणं फार कठीण.

शॉकअप कोरडे आहेत, राहू द्या.

रात्रपाळी

पटलं. उद्यापासून सहकाऱ्याबरोबर जाते, त्याच्याशी बोलणं झालंय. प्लग आणि टॅपेट पॅकिंग राहिलं. ते कधी?

दहाचा_पाना

प्लग साधे आहेत की इरिडियम ते पुस्तिकेत बघा. साधे ३०–४० हजार किमी, इरिडियम साधारण लाखभर चालतात. इंजिन थडथडत असेल किंवा चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर मात्र थांबू नका. न जळलेलं पेट्रोल पुढे जाऊन धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करतं आणि तो प्लगपेक्षा फारच महाग पडतो.

पॅकिंगची नुसती ओल असेल तर एक दिवसाआड सकाळी डिपस्टिक बघत राहा. तेल एक्झॉस्टवर टपकून जळका वास यायला लागला, किंवा प्लगच्या खड्ड्यात उतरलं, तर लगेच करा. नाहीतर बेल्टच्या वेळी विचारा. तुमच्या इंजिनात त्या कामासाठी कव्हर उघडावंच लागत असेल तर नवं पॅकिंग तेव्हाच टाकून घ्या, नुसत्या पॅकिंगच्या किमतीत काम होईल.